दुधातला चंद्र कोणाला दिसतो? (आभासी वाडा, पीबीआर आणि आपापली ग्राफिक्स कार्डं)

चिरेबंदी | ७ ऑक्टोबर २०२४

मंडळी, हा धागा एका पातेल्यामुळे काढतोय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. सेकंड लाइफ हे आभासी जग २००३ पासून चालू आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅबने जमीन, आकाश आणि अवजारं दिली. बाकी घरं, झाडं, कपडे, चपला हे जवळपास सगळं तिथे वावरणाऱ्यांनीच बनवलंय. जिंकणं-हरणं असं काही नाही. मी २००९ मध्ये सहज डोकावायला गेलो तो तिथेच राहिलो. कोकणातल्या आजोळच्या घराच्या आठवणीवरून तिथे एक वाडा बांधलाय: जांभ्याचा चौथरा, ओटी, माजघर, मधे चौक, चौकात वृंदावन. दर कोजागिरीला आम्ही आठ-दहा मराठी माणसं त्या चौकात जमतो. कोणी सांगलीहून, कोणी अमेरिकेतल्या एडिसनहून, मी पुण्याहून.

२०१२ मध्ये मी चौकात मसाला दुधाचं पितळी पातेलं ठेवलं. दुधात चंद्र नसेल तर ती कोजागिरी कसली! पण खरं प्रतिबिंब वगैरे तेव्हा माझ्या आवाक्याबाहेरचं होतं, म्हणून दुधाच्या टेक्श्चरवरच (म्हणजे वस्तूवर चिकटवायच्या चित्रावरच) चंद्र रंगवून टाकला. पिवळसर ठिपका, कड जराशी पुसट. १० लिंडन डॉलर (हे तिथलं चलन) भरून टेक्श्चर चढवलं, झालं काम. गेली बारा वर्षं तो चंद्र दुधात आहे. भर दुपारी बारा वाजताही आहे.

गेल्या वर्षाच्या अखेरीस तिथे पीबीआर आलं. वस्तूवर उजेड पडल्यावर ती खऱ्या जगात जशी दिसेल त्या नियमाने रंगवायची, असं ते तंत्र. मी पडलो हौशी. महिनाभर खपून अर्धा वाडा नव्या पद्धतीत आणला. पितळ आता असं दिसतं की चिंच घेऊन घासायला बसावं. दुधावरचा रंगवलेला चंद्र पुसला आणि पृष्ठभागाला नुसती तकाकी दिली, तर आकाशातला चंद्र आपणहून दुधात उतरला. बाजूला सरकलो की तोही सरकतो. रात्री दीडपर्यंत मी एकटाच त्या पातेल्याभोवती फिरत होतो. (बायकोला सांगू नका. तिला वाटतंय मी ऑफिसचं काम करत होतो.)

काल मीनाताई आल्या. चौकात उभ्या राहून म्हणाल्या, "अरे, चंद्र कुठे गेला? आणि पातेल्याला चुना का फासलास?"

त्यांच्या पडद्यावर दूध म्हणजे नुसती पांढरी चकती आणि पितळ पांढरंफटक. कोजागिरी १६ तारखेला आहे. नवं ठेवू की जुनं परत लावू?

---

उंटावरचा | ७ ऑक्टोबर

एक सल्ला, फुकट. गच्चीवर जा, गॅसवर पातेलं ठेवा, मान वर करा. चंद्र तिथे आहे. ग्राफिक्स कार्ड लागत नाही.

---

चिरेबंदी | ७ ऑक्टोबर

उंटावरून खाली उतरा. आमच्या गच्चीसमोर बारा मजली इमारत आहे. चंद्र साडेअकराला डोकावतो, तोवर दुधावर साय धरलेली असते.

---

मीना सांगली | ८ ऑक्टोबर

आता माझ्यावरूनच धागा निघालाय तर मीही लिहिते.

माझा लॅपटॉप पुतण्याने वापरून झाल्यावर मला दिलेला आहे. आय-थ्री, ४ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. मी निवृत्त शिक्षिका. गुडघे गेल्यापासून जिने चढणं बंद झालं, पण चिरेबंदीच्या वाड्यातली ओटी मी रोज चढते. सेकंदाला नऊ-दहा फ्रेम, म्हणजे चित्रं, मिळतात. तुम्हाला ते धक्के वाटतील, मला सवय झालीय.

नवा व्ह्यूअर (सेकंड लाइफ ज्यातून बघतो तो प्रोग्रॅम) मी दोन दिवस टाकून बघितला. पंखा असा ओरडायला लागला की शेजारच्या काकूंनी विचारलं, आज पुरण वाटताय का? ओटीची पायरी चढले ती माजघरात पोचायला चहा संपला. मग जुनाच परत टाकला.

सुंदर करू नका असं माझं म्हणणं नाही. फोटो पाठवलास त्यात पितळ फार छान दिसलं. पण तो फोटो झाला. मी चौकात उभी होते आणि मला चौक दिसला नाही, हे जरा लागलं.

---

शेडरवाला | ८ ऑक्टोबर

माझं पोट याच धंद्यावर चालतं, तेव्हा थोडं लांबण लावतो.

सेकंड लाइफची जुनी पद्धत ब्लिन-फाँग. बुई तुओंग फाँग या व्हिएतनामी संशोधकाने युटा विद्यापीठात असताना हे गणित मांडलं, ते १९७५ मध्ये छापून आलं, आणि जिम ब्लिनने १९७७ मध्ये ते सोपं केलं. त्यात चमक ही वरून लावायची गोष्ट. पोळीवर तूप सोडावं तशी, हवी तेवढी. पितळ हे पितळ आहे याची त्या गणिताला दखलच नसते. एखादी वस्तू अंगावर पडलेल्या उजेडाहून जास्त उजेड परत फेकते, म्हणजे जमेपेक्षा खर्च जास्त, आणि तरी हिशेब तपासणारं कोणी नाही.

पीबीआरमध्ये तो ताळेबंद जुळावा लागतो. यामागचं भौतिकशास्त्र कुक आणि टॉरन्सने १९८२ मध्येच मांडलं होतं. २०१२ मध्ये डिस्नेच्या ब्रेंट बर्लीने ते चित्रकारांना पेलेल अशा मोजक्या खुंट्यांवर आणलं. मग क्रोनोस या उद्योगगटाचं जीएलटीएफ २.० हे त्रिमितीय वस्तूंच्या फाइलींचं २०१७ चं प्रमाण, तेच सेकंड लाइफने उचललं. रंगाखेरीज तुम्ही मुख्यतः दोनच गोष्टी सांगायच्या: वस्तू धातू आहे का आणि ती किती खरखरीत आहे. चिरेबंदींनी दुधाचा खरखरीतपणा कमी केला म्हणून चंद्र लहान आणि रेखीव आला. तो वाढवला असता तर चंद्र फिसकटून दुधभर पसरला असता.

आता मीनाताईंचा मुद्दा. पूर्वी व्ह्यूअरमध्ये प्रगत प्रकाश बंद करायची सोय होती. ती खूण काढली की जुनी, हलकी वाट चालू व्हायची. पीबीआरच्या व्ह्यूअरमध्ये ती वाट काढूनच टाकली आहे. का? कारण प्रत्येक नवी गोष्ट दोनदा लिहायची, दोनदा तपासायची, आणि तरी दोन्हीकडे ती वेगळीच दिसणार. इंजिन लिहिणारा म्हणून मला हा निर्णय शंभर टक्के पटतो. मीनाताईंच्या लॅपटॉपसमोर बसलो असतो तर पटला नसता.

---

एडिसनची नमू | ८ ऑक्टोबर

मीनाताई, वाईट वाटून घेऊ नका, पण मी दुसऱ्या बाजूची. माझ्याकडे आरटीएक्स कार्ड आहे, नवऱ्याने त्याच्या गेमसाठी घेतलेलं आणि मी लाटलेलं. परवा वाड्यात पाऊस लावला होता. ओल्या जांभ्याचा रंग कसा गडद होतो, माहितीये ना? अगदी तसा. इथे चौदा वर्षं झाली, जांभा ओला झालेला बघून तेवढीच वर्षं झाली. मी दहा मिनिटं नुसती उभी होते.

आणि ही रडारड दर वेळी होते हो. २००७-०८ मध्ये विंडलाइटने आकाश आणि पाणी बदललं तेव्हा झाली, २०११ मध्ये मेश (बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये घडवून आणलेले त्रिमितीय आकार) आलं तेव्हा झाली. तेव्हाही जुन्या मशीनवाले म्हणाले, संपलं सगळं. आज मेशशिवायचं सेकंड लाइफ कोणाला हवंय?

एक तक्रार मात्र माझीही आहे, आणि ती माझ्याच कामाबद्दल. तिथल्या माझ्या स्वयंपाकघरातल्या तांब्याच्या हंड्यात निळं आकाश दिसतं. चारही भिंती आहेत, वर छप्पर आहे, खिडकी बंद आहे, आणि हंड्यात ढग!

---

शेडरवाला | ८ ऑक्टोबर

नमू, प्रतिबिंबाचा प्रोब ठेवला नाहीस.

चकचकीत धातू मुख्यतः भोवतालचंच दाखवतो. मग भोवताल आणायचा कुठून? प्रोब म्हणजे खोलीच्या मधोमध ठेवलेला न दिसणारा डोळा. तो वर, खाली आणि चार बाजूंना अशी सहा चित्रं घेतो, आणि त्या खोलीतली प्रत्येक चकचकीत वस्तू त्यातून प्रतिबिंब उसनं घेते. व्ह्यूअर काही प्रोब आपले आपण ठेवतो, पण तुझ्या भिंती कुठे संपतात ते त्याला कळत नाही. खोलीच्या मापाचा ठोकळा घे आणि त्याला प्रोब कर. ढग जातील.

मात्र एक होईल. बाहेरून आत झिरपणारा आकाशाचा उजेडही थांबेल आणि खोली अंधारेल. मग दिवा लाव.

---

चिरेबंदी | ८ ऑक्टोबर

माझ्या माजघराचं हेच झालं. प्रोब ठेवला आणि मिट्ट काळोख. आधी वाटलं काहीतरी चुकलं. मग आठवलं, आजोळचं माजघर दिवसाही असंच असायचं. आजी हाताने चाचपून डबा काढायची. बारा वर्षं माझं आभासी माजघर कारण नसताना लख्ख होतं!

तरी शेवटी आत एक समई लावली. पाहुणे भिंतीवर आपटायला लागले होते.

---

हिशेबनीस | ९ ऑक्टोबर

उजेडाच्या ताळेबंदाबद्दल बरंच झालं, आता मेमरीचा हिशेब मांडतो. हे कोणी करत नाही आणि मग सगळे लॅग-लॅग ओरडतात.

१०२४ गुणिले १०२४ चं एक टेक्श्चर. दर पिक्सेलला ४ बाइट. झाले ४ एमबी. लांबून बघण्यासाठी त्याच्याच लहान लहान प्रती ठेवाव्या लागतात, त्या धरून सव्वापाच. जुन्या पद्धतीत बहुतेक जण एकच टेक्श्चर लावायचे. पीबीआरमध्ये एका वस्तूला चारपर्यंत: रंगाचं, उंचसखलपणाचं, खरखरीतपणा-धातू-सावली यांचं एकत्र, आणि स्वतः उजळणाऱ्या भागाचं. म्हणजे १६ एमबी, प्रतींसकट एकवीसच्या वर.

यंदापासून २०४८ चं टेक्श्चरही चढवता येतं. लांबी-रुंदी दुप्पट म्हणजे पिक्सेल चौपट. एकाला १६ एमबी, चारांना ६४, प्रतींसह ८५.

मागच्या आठवड्यात तिथल्या एका दुकानात मी नथ बघितली. सुरेख काम, मोत्यावरची झाक वगैरे. चारही टेक्श्चरं २०४८ ची. नथ हो! पडद्यावर वाटाण्याएवढी दिसणार. अशा पंधरा बायका हळदीकुंकवाला जमल्या की नुसत्या नथींचे सव्वा जीबी झाले. साड्या अजून मोजलेल्या नाहीत.

विकणाऱ्याचं काय जातं? जाहिरातीचा फोटो झकास येतो. मेमरी बघणाऱ्याची खर्ची पडते. आयजीच्या जिवावर बायजी उदार.

---

शेडरवाला | ९ ऑक्टोबर

हिशेबनीस, आकडे बरोबर, निष्कर्ष थोडा ताणलाय. नथ लांब असेल तर व्ह्यूअर तिची लहान प्रतच मागवतो, सगळे ८५ एमबी आणत नाही. कॅमेरा नाकाशी नेलात तर पूर्ण भार पडेल. आणि मेमरी संपत आली की व्ह्यूअर सगळ्याचीच टेक्श्चरं धूसर करत नेतो.

---

हिशेबनीस | ९ ऑक्टोबर

म्हणजे नथ बघायला जावं तर भिंत पुसट होते. मान्य.

शिवाय मीनाताईंकडे कार्डाची स्वतःची मेमरीच नाही. ४ जीबी रॅममधूनच विंडोज, ब्राउझर आणि तुमचा वाडा. माझा निष्कर्ष मी मागे घेत नाही.

---

मांडवीकाठ | १० ऑक्टोबर

पणजीहून नमस्कार. मी व्हीआरचॅटवाला, म्हणजे डोळ्यांना हेडसेट लावून वावरायच्या दुसऱ्या आभासी जगातला, तुमच्या शेजारच्या वाड्यावरचा म्हणा.

आमच्याकडे हे दुखणं जास्त उघडं पडतं, कारण चित्र डोळ्यांना बांधलेलं असतं. दोन डोळ्यांना दोन चित्रं, आणि ९० फ्रेमचा हेडसेट असेल तर प्रत्येक वेळी ११ मिलिसेकंदांत दोन्ही तयार पाहिजेत. तुम्ही नऊ-दहा फ्रेमवर चहा पिता, आमचा माणूस तेवढ्यावर ओकतो. खोटं नाही सांगत.

म्हणून तिथे प्रत्येक अवताराला (आपल्या आभासी देहाला) कामगिरीची श्रेणी लागते, एक्सलंटपासून व्हेरी पुअरपर्यंत. आणि क्वेस्टसारख्या हेडसेटवर, म्हणजे ज्यात संगणक डोक्यावरच असतो, तिथे अवतारांना फक्त हलके, मोबाइलचे शेडर (पृष्ठभाग कसा रंगवायचा ते ठरवणारे छोटे प्रोग्रॅम) चालतात. एकाच अवताराच्या दोन आवृत्त्या चढवायच्या, एक पीसीची, एक क्वेस्टची. मला समोरच्याच्या केसांची बट न् बट दिसते, त्याच्या शेजारच्याला तेच केस मातीच्या गोळ्यासारखे. दोघंही त्याच्याशी गप्पा मारतात.

गेल्या चवथीला मी तिथे माटोळी बांधली. बाहेरच्यांसाठी सांगतो: गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला फळं, भाज्या, रानातली फुलं बांधतात, ती माटोळी. नारळ, सुपारीचा घोस, निरफणस, तोरिंग, कांगलां, सगळं केलं. साठ जिन्नस, साठ वेगवेगळी मटेरियलं. पीसीवर देखणी. क्वेस्टवर ती खोली हलेचना. कारण प्रत्येक मटेरियलसाठी प्रोसेसरला ग्राफिक्सकडे वेगळा निरोप धाडावा लागतो, आणि साठ निरोप धाडण्यातच वेळ जातो. मग सगळ्या फळांचे रंग एकाच मोठ्या टेक्श्चरवर मांडले आणि सगळी फळं एका मेशमध्ये शिवली. निरोप एक. तोरिंगाच्या सालीवरचे खड्डे गेले, पण आईला क्वेस्ट लावून दाखवलं तर तिने लगेच सांगितलं की सुपारी डावीकडे जरा जास्त झालीय.

तेव्हा चिरेबंदी, दोन आवृत्त्या करा. कटकट आहे, पण आम्ही रोज तेच करतो.

---

बापमाणूस | १० ऑक्टोबर

मुलगा नववीत, माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या गेमचा भक्त. त्यामुळे मलाही थोडं ज्ञान झालंय.

तिथे २०१७ मध्ये सुपर डुपर ग्राफिक्स पॅक नावाचं मोठं आश्वासन दिलं होतं. सावल्या, पाणी, सूर्याचे किरण, सगळं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी ते रद्द केलं. कारण सरळ सांगितलं: सगळ्या उपकरणांवर ते धडपणे चालेना. पुढच्या वर्षी किरणांचा माग काढून प्रकाश दाखवणारी आवृत्ती आली, पण ती विंडोजवर आणि त्या ताकदीचं कार्ड असणाऱ्यांनाच.

मुलाने तेव्हा माझ्याकडे नव्या कार्डाचा हट्ट धरला होता. मी म्हटलं, ठोकळेच बघायचेत ना? तो म्हणाला, बाबा, ठोकळ्यावर उजेड कसा पडतो ते बघायचंय. मला उत्तर सुचलं नाही. कार्ड घेतलं नाही, ते वेगळं.

---

उंटावरचा | १० ऑक्टोबर

मी थट्टा करायला आलो होतो, आता रोज वाचतोय. एक बाळबोध प्रश्न. सिनेमाइतके सुंदर गेम घरच्या संगणकावर व्यवस्थित चालतात. मग तुमचा एक चौक आणि पातेलं का चालत नाही?

---

शेडरवाला | ११ ऑक्टोबर

प्रश्न बाळबोध नाही, इथला सगळ्यात चांगला आहे.

गेम हा केटररने केलेला लग्नाचा स्वयंपाक. पानं किती, वाढप कुठून कुठे, सगळं आधी ठरलेलं. भिंतीवरची सावली स्टुडिओत रात्रभर संगणक चालवून आधीच शिजवून ठेवतात, कारण भिंत हलणार नाही हे माहीत असतं. प्रत्येक कलाकाराला मेमरी मोजून दिलेली असते. नथीला २०४८ लावलं तर वरिष्ठ बोलावून घेतात.

सेकंड लाइफ म्हणजे डबा पार्टी. कोण काय आणेल सांगता येत नाही, आणि जेवण चालू असताना कोणी पाटच उचलून दुसरीकडे ठेवतं. चौकातली तुळस उद्या उजवीकडे जाऊ शकते, म्हणून सावली आधी शिजवता येत नाही. सगळं आयत्या वेळी, प्रत्येकाच्या घरच्या शेगडीवर. शेगडी कोणाची केवढी, ते आयोजकाला माहीत नाही.

अशा जागी पीबीआर आणण्यात एक गोची आहे जी गेममध्ये नसते: वीस वर्षांचं जुनं सामान. लोकांनी सावल्या आणि चमक टेक्श्चरमध्येच रंगवून ठेवलीय, चिरेबंदींच्या चंद्रासारखी. ती कारागिरी होती, फसवणूक नव्हे. पण नव्या उजेडात ती दुहेरी होते. रंगवलेली सावली एकीकडे, खरी पडलेली दुसरीकडे. बनवणारा सोडून गेला असेल तर ते दुरुस्त तरी कोण करणार?

---

एडिसनची नमू | ११ ऑक्टोबर

हे पटलं. माझ्याकडे २०१० ची एक पैठणी आहे. जिने केली ती आता तिथे येत नाही. नव्या उजेडात तिचा मोरपिशी रंग जरा मळतो आणि रंगवलेल्या निऱ्या शिळ्या दिसतात. तरी मी कोजागिरीला तीच नेसणार.

प्रोब ठेवला. हंड्यातले ढग गेले. आता हंड्यात फ्रिज दिसतो.

---

मीना सांगली | १२ ऑक्टोबर

नमू, त्या पैठणीला मी आत्तापर्यंत मोरपिशीच म्हणत आले, आणि गेल्या वर्षी तू म्हणत होतीस, ताई, ही राखाडी दिसतेय. तेव्हा मला वाटलं तुझे डोळे तपासायला हवेत. आज उलगडा झाला.

शेडरवाला, शेगडीचा दाखला आवडला. माझा मुद्दा तोच आहे, फक्त उलट्या बाजूने. आपण तिथे का जमतो? दुधासाठी नाही, कोणीच ते पिऊ शकत नाही. "बघ, चंद्र उतरला" असं एकाने म्हणावं आणि बाकीच्यांनी वाकून बघावं, एवढ्यासाठी. मला दिसत नसेल तर मी "हो हो" म्हणेन. वर्गात मागच्या बाकावरची मुलं फळा दिसत नसला की असंच हो म्हणायची. मी ओळखायचे.

---

चिरेबंदी | १२ ऑक्टोबर

मीनाताई, हे वाचून उठलोच.

मांडवीकाठ म्हणतात तसं आमच्याकडेही करता येतं, आळस मी केला होता. वस्तूच्या प्रत्येक बाजूला दोन कप्पे असतात, एक जुन्या पद्धतीच्या टेक्श्चरचा, एक पीबीआरचा. नवा व्ह्यूअर पीबीआरचा कप्पा उघडतो. जुन्याला तो कप्पा आहे हेच माहीत नाही, तो आपला जुनाच दाखवतो. मी घाईत जुना कप्पा रिकामा केला म्हणून मीनाताईंना चुना दिसला. चूक माझी, तंत्राची नाही.

आता २०१२ चा रंगवलेला चंद्र ट्रंकेतून काढला (टेक्श्चर फेकायचं नाही, ही माझी खोड एकदाची कामी आली) आणि दुधाच्या जुन्या कप्प्यात बसवला. नव्या कप्प्यात तकाकी आहे तशीच. पातेल्याच्या जुन्या कप्प्यात चमक रंगवलेलं पितळ.

पण हे सोपं नाही हेही सांगतो. घर एक, चुली दोन. पितळाचा रंग नव्यात बदलला की जुन्यात हाताने जुळवायचा, आणि तो कसा दिसतोय ते बघायला जुना व्ह्यूअर वेगळा उघडायचा. वाड्यात अशा तीनशेच्या वर वस्तू आहेत. कोजागिरीपर्यंत फक्त चौक होईल. माजघर मीनाताईंना यंदा पांढरंच दिसेल.

---

हिशेबनीस | १३ ऑक्टोबर

पातेल्याला टेक्श्चर किती पिक्सेलचं?

---

चिरेबंदी | १३ ऑक्टोबर

५१२. दूध २५६. झोपा आता.

---

मांडवीकाठ | १३ ऑक्टोबर

आकाशाचं काय केलंत? सेकंड लाइफचा दिवस ४ तासांचा ना, त्यात रात्र एकच तास. गप्पा रंगल्या आणि सूर्य उगवला तर?

---

चिरेबंदी | १३ ऑक्टोबर

२०२० पासून आपल्या जमिनीपुरतं आकाश वेगळं ठेवता येतं. पौर्णिमा गोठवून ठेवलीय. चंद्र पूर्वेला, वृंदावनाच्या वर, जरा तिरपा. सरळ डोक्यावर ठेवून बघितला, पण मग दुधातला चंद्र फक्त वरून बघणाऱ्याला दिसतो.

१६ ला भारतात रात्री साडेनऊ, एडिसनला दुपारी बारा. मांडवीकाठ, तुम्हीही या. उंटावरचे, तुम्हीही.

---

उंटावरचा | १४ ऑक्टोबर

खातं उघडलंय. अवतार तयार केला. तासभर झाला, पँट सापडत नाहीये.

---

एडिसनची नमू | १६ ऑक्टोबर

ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीतून लिहितेय, हातात सँडविच.

आम्ही अकरा जण होतो. उंटावरचे आले, पँट होती. मी पातेल्याच्या पश्चिमेला उभी राहिले आणि चंद्र असा उतरला दुधात की मी कॅमेरा हलवायलाच विसरले. मग मांडवीकाठांना म्हटलं, बघा. ते म्हणाले, कुठे? ते वृंदावनाच्या बाजूला, चंद्राकडे पाठ करून उभे होते. त्यांच्याकडेही चांगलं कार्ड, नवा व्ह्यूअर, पण त्यांना नुसतं दूध. फेरी मारून माझ्या शेजारी आले तेव्हा दिसला. मग आम्ही सगळे नवे व्ह्यूअरवाले एकाच बाजूला दाटीवाटीने उभे, आणि माझे फ्रेम धडाधड खाली!

---

शेडरवाला | १६ ऑक्टोबर

खऱ्या दुधातही चंद्राकडे पाठ केली की दिसत नाही. गणित अचूक चाललंय. माझेही फ्रेम अठरावर आले होते. अकरा अवतार, आणि कोणाच्या तरी नाकात ती नथ होती.

---

मीना सांगली | १६ ऑक्टोबर

मला दिसला. चारही बाजूंनी दिसला. मी वृंदावनाला प्रदक्षिणा घातली, ओटीवर जाऊन बसले, तिथूनही दिसत होता. तुम्ही सगळे एका कडेला का गर्दी करून उभे आहात ते मला बराच वेळ कळेना. मला वाटलं फोटो काढताय.

आठ फ्रेम होते. पंखा ओरडला नाही.

---

चिरेबंदी | १७ ऑक्टोबर

मीनाताईंनी निघताना हळूच सांगितलं, चौकातल्या समईची ज्योत त्यांना पांढऱ्या चौकोनी कागदासारखी दिसत होती. तो जुना कप्पा भरायचा राहिला. रविवारी बघतो.